गायता, पाटील, भूमियांना सोबत घेऊन गावात डिजिटल बँकिंग कसं आणायचं

गडचिरोलीतल्या धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यात ज्यांना गावात बँकेचं काम करायचंय, म्हणजे बँक सखी, उमेदच्या (बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या) ताया, ग्रामसभेचे अध्यक्ष-सचिव, शिकून गावी परतलेली पोरं, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून काढतोय. कारण बऱ्याच गावात तेच होतं, गाडी येते, बॅनर लागतो, दहा-वीस जणांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून देतात, फोटो काढतात आणि जातात, पुढच्या आठवड्यात त्या अ‍ॅपला कुणी हात लावत नाही. लोकांना कळत नाही म्हणून नाही. गावात पैशाचा नवा मार्ग आला की लोक आधी मानाच्या माणसांकडे, म्हणजे गावच्या परंपरेच्या प्रमुखांकडे, गायत्याकडे, पाटलाकडे बघतात, ते काय म्हणतात ते ऐकतात, आणि त्यांना तर कुणी विचारलेलंच नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठाम सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मानाच्या माणसाला साक्षीदार करायचं, त्याची बँक करायची नाही. पाटलाच्या घरी साऱ्या गावाची एटीएम कार्डं जमा, पिन त्याच्या पोराच्या वहीत, असं चित्र दिसलं तर ते यश नाही, उद्याच्या भांडणाची तयारी आहे.

पहिलं काम : गावात पैसा कुठून येतो ते मांडा

अ‍ॅपचं नाव काढायच्या आधी हे करा. आपल्याकडे पैसा ठरावीक वाटांनी येतो. तेंदू उन्हाळ्यात, बांबू, मोहफूल, डिंक, धान विकल्याचे पैसे आणि बोनस, रोजगार हमीची मजुरी, श्रावणबाळ आणि संजय गांधीचं अनुदान, पीएम किसान, आणि २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याचे १५०० रुपये. यातला सरकारी पैसा बहुतेक आधारशी जोडलेल्या खात्यात पडतो, रोजगार हमीला तर १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित पेमेंटच सक्तीचं झालं. म्हणजे डिजिटल बँकिंग गावात आधीच आलेलं आहे, लोकांनी बोलावलं नसलं तरी. आपलं काम एवढंच की त्यावर माणसाचा ताबा असावा, आपला पैसा कधी आला, किती आला, कुठे गेला हे त्याला स्वतःला कळावं.

त्यात आपल्या जिल्ह्याचं वेगळेपण आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, मग वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा) या दोन कायद्यांच्या जोरावर बाकीच्या ग्रामसभाही तेंदू-बांबू स्वतः विकायला लागल्या. म्हणजे आता ग्रामसभेच्या खात्यातच मोठी रक्कम येते आणि ती घरोघर वाटायची असते. इथे पारंपरिक प्रमुखाचा शब्द आणि बँकेचं खातं एकमेकांना थेट भिडतात. म्हणून सुरुवात इथूनच करायची, यूपीआयपासून नाही.

एका कोऱ्या कागदावर वर्षाचे बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यात गावात कुठला पैसा येतो ते दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना विचारून भरा. कधी प्रशिक्षण घ्यायचं ते या कागदावरूनच कळतं. तेंदूच्या हंगामात बैठक लावाल तर कुणी येणार नाही, पहाटे जंगलात जाऊन दुपारभर पानांचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेणाऱ्या माणसाला रात्री पिन शिकवू नका. मार्च उत्तम, किंवा मग पेरणी-रोवणी आटोपल्यावर.

मानाची माणसं नक्की कोण

सरपंच, पोलीस पाटील आणि गावचा परंपरेचा पाटील ही तीन वेगळी माणसं असू शकतात. पोलीस पाटील हे १९६७ च्या कायद्याखालचं सरकारी पद आहे, सरपंच निवडून येतो आणि ग्रामपंचायतीत अनेक पाडे-टोले असतात. पण जमिनीचा, जंगलाचा, पंडुमचा म्हणजे सणाचा दिवस ठरवणारा माणूस गायता किंवा भूमिया, पूजेचं बघणारा पेरमा, आणि चार-दोन घरांतली अशी वडीलधारी माणसं की जी बोलली की बाकीचे गप्प बसून ऐकतात. नावं गावागणिक बदलतात, त्यामुळे पुस्तकातलं गृहीत धरू नका, विचारा. त्याहून वरती इलाक्याची बैठक असते, आठ-दहा गावं एकत्र बसतात, तिथे एकदा विषय पोचला तर पुढच्या गावात तुम्हाला परत शून्यापासून सांगावं लागत नाही.

आणि बाया. हे मी जोर देऊन सांगतो कारण यादी करताना सगळे पुरुषच लिहितात. बचत गटाची जुनी अध्यक्ष, सुईण, ग्रामसभेत उभं राहून बोलणारी बाई, यांचा शब्द बायकांमध्ये पाटलाहून जास्त चालतो, आणि लाडकी बहीणपासून महिन्याला खात्याशी संबंध येणाऱ्यांत बायाच जास्त आहेत.

आधी त्यांच्या घरी जा, सभेत नंतर

सभेत सगळ्यांसमोर पाटलाला फोन दाखवून "बघा किती सोपं आहे" असं कधी करू नका. माणसाला जमलं नाही तर त्याचा मान जातो आणि मग तो या विषयाच्या विरोधात उभा राहतो, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळी घरी जा, जोहार करा, बसा, इकडचं तिकडचं बोला आणि मग त्यांचं स्वतःचं पासबुक बघायला मागा. पासबुक पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत असतं, सोबत आधार, रेशनकार्ड, वनहक्काचा दावा, आणि कित्येकदा न उघडलेल्या पाकिटात रुपे कार्ड. शेवटची एन्ट्री दोन-तीन वर्षांपूर्वीची. इथूनच बोलणं सुरू होतं. ते विचारतील, पैसे यंत्रात अडकले तर कोण देणार, बोट लागलं नाही तर काय, टॉवर बंद असला तर, पोराने गुपचूप काढले तर. हे प्रश्न टाळायचे नाहीत, एका वहीत लिहून घ्यायचे, उत्तर माहीत नसेल तर शाखेत विचारून परत येऊन सांगायचं. तुम्ही परत येऊन सांगता की नाही यावरच ते तुम्हाला जोखतात.

मग त्यांचा पहिला व्यवहार त्यांच्याच खात्यावर, छोटा, तुम्ही शेजारी पण हात त्यांचा. बॅलन्स बघणं एवढंच पुरे. त्यांनी दोन-तीनदा स्वतः केलं आणि पासबुकात तोच आकडा छापून आलेला बघितला की मग त्यांनाच विचारा, हा विषय सभेत घ्यायचा का, आणि कसा. नको म्हणाले तर थांबा. नकाराचा अधिकार खरा असला तरच त्यांच्या होकाराला वजन असतं.

ग्रामसभेत ठराव

मेंढा (लेखा) गावात अभ्यास गटात विषय नीट चघळून मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतात, ती पद्धत इथेही फार कामाची आहे. आधी पाच-सात जणांचा गट करा, त्यात निम्म्या बाया, एक-दोन तरुण, एक वडीलधारं माणूस. त्यांनी आठवडाभर स्वतः वापरून बघायचं. मग सभा, आणि सभा गोंडीत किंवा माडियात, मराठीत भाषण ठोकू नका, गायत्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. तो अ‍ॅप शिकवणार नाही, तो फक्त सांगेल की मी बघितलं, माझे पैसे बरोबर दिसले, आणि या या गोष्टी कुणी करायच्या नाहीत.

ठरावात मोघम नको, कामाचं लिहा. कुणाचंही कार्ड किंवा पिन दुसऱ्याकडे राहणार नाही, पाटलाकडेही नाही. खातं बाहेरच्या माणसाला वापरायला द्यायचं नाही. पैसे काढल्यावर पावती घ्यायचीच. बँक मित्र, म्हणजे गावात येऊन बँकेचं काम करणारा बँकेचा माणूस, कुठल्या वारी कुठे बसणार ते ठरलेलं असेल. फसवणूक झाली तर लपवायची नाही, त्याच दिवशी अमुक दोघांना सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी हसणार नाही. हे शेवटचं वाक्य ठरावात हवंच, कारण लाजेपायी लोक चार-चार दिवस गप्प बसतात आणि तोवर पैसा पार गेलेला असतो.

खात्यांची तपासणी, घरोघर

हे कंटाळवाणं काम आहे पण इथेच निम्मी लढाई आहे. प्रत्येक खात्याच्या चार गोष्टी बघा. खातं चालू आहे का, केवायसी म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी झालीय का, मोबाईल नंबर कुणाचा आहे, आणि आधार कुठल्या बँकेला जोडलंय.

दोन वर्षं आपण स्वतः व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. ते परत चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासूनच्या सूचना आहेत, कुणी मागितले तर हे सांगा. केवायसीसाठी जून २०२५ पासून बँक मित्राकडेही सोय आहे, पत्ता-बित्ता बदललेला नसेल तर साधं स्वयंघोषणापत्र चालतं, पन्नास किलोमीटरवरच्या शाखेत दिवस मोडायची गरज नाही. आणि ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं त्यांना सांगा की १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, बँक बुडालेली नाही. नाव बदलल्याने म्हातारी माणसं फार घाबरतात, आणि त्याच भीतीचा फायदा घेणारे फोनही येऊ शकतात.

आधारचं नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सरकारी पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिकडे जातो. समजा बाजारात एकाने अंगठा घेऊन नवीन खातं उघडून दिलं, बाईला वाटलं सिम कार्ड घेतलं, आणि पुढच्या महिन्यापासून तिचे १५०० जुन्या पासबुकात येणं बंद. ती म्हणते सरकारने बंद केले. पैसे दुसऱ्या खात्यात पडून असतात. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक जोडणीची स्थिती बघता येते, त्यासाठी आधारला मोबाईल नंबर लागलेला हवा. आणि तो नंबर घरातला हवा, ठेकेदाराचा, मुन्शीचा, नाहीतर बंद पडलेल्या सिमचा नको.

जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाखांचा, पण अट अशी की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. पाकिटात बंद कार्डाचा उपयोग नाही. हे पाटलांना सांगा, ते घरोघर सांगतात.

अंगठ्याचा व्यवहार

आपल्याकडे बहुतेकांसाठी डिजिटल बँकिंग म्हणजे अंगठाच. आधार नंबर, बँकेचं नाव, बोट, एवढ्यावर पैसे निघतात, एका वेळी १०,००० पर्यंत. पोस्टमनकडेही ही सोय आहे, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ पासून चालू आहे, दूरच्या गावात पोस्टमन हा ओळखीचा माणूस असल्याने तिथून सुरुवात सोपी जाते.

अडचण बोटांची. बांबू तासणाऱ्या, तेंदू तोडणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात चिकाचे डाग. घाईत तीन-चारदा बोट दाबून "होत नाही, उद्या या" म्हणतात. हात साबणाने धुवा, कोरडे करा, सगळी बोटं एकेक करून बघा, अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट बऱ्याचदा लागतं, आणि जे लागलं ते लक्षात ठेवा. तरीही नाही झालं तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने देऊन या.

आता महत्त्वाचं. बोट ठेवायच्या आधी आकडा बघायचा, किंवा वाचता येणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. "झालं नाही, परत ठेवा" असं म्हटलं की दुसऱ्यांदा बोट ठेवायच्या आधी पहिल्या व्यवहाराची पावती किंवा मेसेज बघायचाच, कारण दोनदा पैसे गेल्याचा घोटाळा इथेच होतो. रोख मोजून घ्यायची, मग पावती पासबुकात ठेवायची. खात्यातून वजा झाले आणि हातात आले नाहीत असं झालं तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. आणि बँक मित्राने ग्राहकाकडून स्वतःचं कमिशन कापायचं नाही, त्याचं कमिशन त्याला बँक देते. हजारामागे वीस-तीस कापणारे खूप आहेत आणि लोक देतातही, कारण दुसरा पर्याय लांब असतो. इथे गायत्याने चार माणसांत एकदा विचारलं की हे कशाचे पैसे, तर कापणं थांबायला वेळ लागत नाही, तक्रार अर्जाच्या आधी हे करून बघा.

फोनवरचं बँकिंग कुणाला शिकवायचं

सगळ्यांना नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, नेटवर्क येतं आणि महिन्यात चार-पाच व्यवहार होतात, त्यांनाच आधी. किराणावाला, दळणाची गिरणी, बचत गट, शहरात शिकणाऱ्या पोरीला पैसे पाठवणारे आईबाप. साध्या बटणाच्या फोनवर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय बॅलन्स बघता येतो, पैसेही पाठवता येतात, पण पिन बनवायला डेबिट कार्ड लागतं आणि आपली बँक त्यात आहे का ते आधी विचारा. २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे पण आहे, फोन लावून बोलत व्यवहार होतो. स्मार्टफोनवाल्यांना यूपीआय लाइट दाखवा, थोडेच पैसे त्यात ठेवायचे, पिन लागत नाही, हरवलं तरी मोठं नुकसान नाही. म्हाताऱ्या माणसाचा व्यवहार पोरगाच करतो असं असेल तर बापाचा पिन पोराला देण्यापेक्षा यूपीआय सर्कल बरं, त्यात बापाच्या खात्यातून पोरगा पैसे देतो पण मर्यादा ठरलेली असते, किंवा प्रत्येक वेळी बापाची मंजुरी घेऊनच पैसे जातात असंही ठेवता येतं.

आणि हे वाक्य प्रत्येक बैठकीत दहादा, गोंडीत, मराठीत, कसंही: पैसे यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार आहेत.

ग्रामसभेचं खातं

तेंदू-बांबूच्या पैशाबद्दल नियम कडक ठेवा. खात्यावर एकाची सही नको, किमान दोघांची, त्यात एक बाई. मेसेज येणारा नंबर अध्यक्षाचा एकट्याचा नको, आणि नेट बँकिंग घेतलं तर फक्त बघण्याची सोय घ्या. ठेकेदाराकडून पैसे खात्यातच, रोख नाही. वाटपाची यादी घरागणिक, किती पुडे, काय दर, किती रक्कम, ही आधी सभेत मोठ्याने वाचायची, हरकती घ्यायच्या, मगच बँकेत द्यायची. यादीत एक आकडा चुकला की पैसा भलत्याच खात्यात जातो आणि परत आणायला महिने लागतात, म्हणून खाते नंबर पासबुकावरून उतरवा, तोंडी सांगितलेला नको. पैसे जमा झाले की स्टेटमेंट छापून गोटुलच्या (गावाच्या एकत्र बसायच्या घराच्या) किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर लावा, आणि पाटलांनी ते सभेत वाचून घ्यावं. त्यांचं काम आकडे ऐकणं आणि विचारणं, सही करणं नाही. शक्यतो सही करणाऱ्यांत गायत्याचं नाव घालूच नका, भांडण झालं तर न्याय करायला कुणीतरी मोकळा हवा.

फसवणूक झाली तर

पहिला फोन १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तो लागेना तर सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार, आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी. आपली चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर जबाबदारी आपली नसते. पिन आपणच सांगितला असेल तरी कळवायचंच, कारण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. बँकेने ३० दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट आहे, माहितीसाठी नंबर १४४४८. हे तीन नंबर, म्हणजे १९३०, १४४४८ आणि आधारचा १९४७, शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहून घ्या, कागद पावसात जातो.

खातं भाड्याने देण्याबद्दल वेगळं बोलायलाच हवं. शहरातून कुणी येतो, तरुण पोराला दोन-चार हजार देतो आणि पासबुक, कार्ड, सिम घेऊन जातो. त्या खात्यातून कुठल्यातरी म्हाताऱ्याचे लुबाडलेले पैसे फिरतात, खातं गोठतं, आणि पोलीस येतात ते या पोराच्या दारात. पोरांना हे बँकेवाल्यांनी सांगून पटत नाही. गायत्याने सांगितलं की आपल्या गावाचं नाव यात यायचं नाही, तर पटतं. हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

नंतरचे महिने

रोख बंद करायचं कुणाच्या डोक्यात घालू नका. ठाणे जिल्ह्यातलं धसई २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, पण आपल्या आठवडी बाजारात मोह आणि चारोळी विकणाऱ्या बाईला नोटाच सोयीच्या, टॉवर गेला तर चूल थांबायला नको. थोडी रोख घरात, बाकी खात्यात, एवढं पुरे.

दर महिन्याला एक ठरलेला दिवस ठेवा, बाजाराच्या आदल्या दिवशी बरा. लोक पासबुकं घेऊन येतील, गट बसेल, अडलेली प्रकरणं वहीत लिहायची, मागच्या महिन्याची कुठली सुटली ते आधी वाचायचं. पाटील पहिले दोन-तीन महिने बसतील, मग म्हणतील आता तुम्ही बघा, तेव्हा त्यांना आग्रह करू नका. वही मात्र गटातल्या बाईकडे राहू द्या, आणि तेंदूचे पैसे वाटून झाले की ती अख्खी वही एकदा ग्रामसभेत वाचा.